हरीभाऊंचे पॉइंट

क्रेडिट कार्डाचं बिल यायच्या दिवशी हरीभाऊंकडे आमच्या ऑफिसात कुणी स्टेपलरसुद्धा मागत नसे. एरवी माणूस तसा बोलका. पण त्या दिवशी चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले आणि मोबाईल डोळ्यांच्या इतका जवळ, की वाटावं, वास घेऊन बिल तपासतायत. पेट्रोल, किराणा, वीज, वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एकेक रक्कम पुटपुटत ते खाली सरकायचे. सगळं जुळलं की तिथल्या तिथे पूर्ण बिल भरून टाकायचे. भरायला अजून बरीच मुदत असली तरी तिथल्या तिथे. मग चष्मा नाकावर यायचा आणि ते हुश्श करून म्हणायचे, "चला, उघाडी लागली. आता येऊ दे उधाण."

मी पालीची. लग्न होऊन उरणला येईपर्यंत उघाडी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. खाडीकाठच्या भातशेतीला समुद्रापासून वाचवायला मातीचा बांध असतो आणि त्या बांधाला पाणी सोडायला-अडवायला एक दार असतं, ती उघाडी. भरतीच्या आधी ती लावायला विसरलात की समुद्र भातात. हरीभाऊंचे वडील गावाचा बांध राखायचे. ती शेतं पुढे बंदराच्या कामात गेली आणि आता तिथं कंटेनर एकावर एक रचलेले आहेत. पण हरीभाऊंच्या डोक्यातला बांध जागच्या जागी होता. तो त्यांनी क्रेडिट कार्डाभोवती घातला होता.

हरिश्चंद्र म्हात्रे हे त्यांचं पूर्ण नाव. बंदरावर उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं करून तो सोडवून देणं हा आमच्या ऑफिसचा धंदा आणि हरीभाऊ तिथले सर्वांत जुने. पगार बेताचाच. तरी हा गृहस्थ वर्षाआड नाही, दर वर्षी बायकोला घेऊन विमानाने फिरायचा. जयपूर झालं, कोची झालं, अमृतसर झालं. नवा माणूस ऑफिसात आला की त्याला हटकून संशय यायचा, की म्हात्रेंना वरकमाई फार दिसते. संशय कानावर आला की हरीभाऊ त्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून घ्यायचे आणि त्याची भाकरी गार होईपर्यंत सोडायचे नाहीत.

"हे बघ, जे तसंही घ्यायचंच हाय ते कार्डावर घ्यायचं. त्याचे पैसे खात्यात पडलेले हायेत तवाच घ्यायचं. बिल पुरतं भरायचं. बँक खर्चावर पॉइंट देते, ते साचले की विमानाच्या तिकिटाला लावायचे, मिक्सर घ्यायला नाय. दिवाळीत जायचं नाय, मे महिन्यात जायचं नाय. आन् एक ध्यानात ठेव. खर्चावर पॉइंट घ्यायचा, पॉइंटासाठी खर्च नाय करायचा!"

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचं बोट असं हलायचं की समोरच्याने नकळत मान डोलवावी. मीही डोलवली होती. दुसऱ्याच महिन्यात पॉइंट जास्त मिळतात म्हणून मी नको असलेला ओव्हन घेतला ती गोष्ट निराळी. हरीभाऊंना ते कळलं तेव्हा ते आठवडाभर मला 'ए ओव्हन' म्हणून हाक मारत होते. एरवी मी त्यांची 'बाय'. आमच्यात वयाचं अंतर चांगलं वीसेक वर्षांचं, तरी सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे.

कार्ड ते कुणाच्या हातात देत नसत. एकदा आम्ही चौघे त्यांच्या गाडीतून पनवेलला निघालो होतो. वाटेत पेट्रोल भरलं. पंपावरच्या माणसाने खिडकीतून हात आत केला. हरीभाऊंनी त्या हाताकडे एखादा साप आत आल्यासारखं पाहिलं. मग गाडी बंद केली, उतरले, त्या माणसाच्या मागोमाग थेट मशीनपर्यंत गेले, कार्ड स्वतः टेकवलं, पावती घेतली आणि परत आले. मागे उभ्या ट्रेलरचा ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून शिव्यांवर आला होता. "वाजव रे वाजव," हरीभाऊ पट्टा लावत म्हणाले, "बिल तुला येनार नाय."

आमचे शेठ गुजराती. त्यांना हरीभाऊंची ही कडक सोवळं पाळण्याची तऱ्हा गमतीची वाटायची. एकदा बिलाच्या दिवशी ते टेबलापाशी येऊन म्हणाले, "अरे हरीभाई, एवढं टेन्शन शेनू? मिनिमम भरी नाखो ने, बाकीचं पुढच्या महिन्यात! बँक खुश, आपणबी खुश."

हरीभाऊंनी चष्मा काढला. "शेठ, आमच्या गावचा बांध दोनदा फुटला. लोक बोलतात उधाणानं फुटला. उधाण दर पुनवेला येतंय. बांध फुटतो तो चिंबोरीच्या, म्हंजे खेकड्याच्या, बिळानं. चिंबोरी एवढंसं बीळ पाडते, माणूस बोलतो, बुजवू उद्या. तुमचं मिनिमम म्हंजे ते बीळ."

शेठ हसले आणि गेले. मी मात्र ते ऐकून घरी गेले आणि ओव्हनचं राहिलेलं सगळं बिल त्याच संध्याकाळी भरून टाकलं.

मंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याकडे तिऱ्हाइतासारखं बघायच्या. उंच, हाडापेराने मजबूत बाई. घरी मसाला करून विकायच्या. त्यांचा तो लालभडक मसाला घ्यायला लोक थेट पनवेलहून यायचे. शिलाँगच्या सहलीची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. हरीभाऊंच्या कार्डावर विमानतळावरच्या लाऊंजमध्ये फुकट बसता-खाता यायचं. तिथल्या थंडगार कोचावर वहिनी बसल्या. हरीभाऊंनी त्यांना बशीत पास्ता, केक, कसलीशी कोशिंबीर आणून दिली. वहिनींनी पास्ता चिवडला, बाजूला सारला आणि पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. पुडी सोडल्याबरोबर वास सुटला. समोरच्या कोटवाल्याने लॅपटॉप मिटला. दोन कोच रिकामे झाले.

"हे माझ्या कानात बोलतात, मंदा, झाक झाक, इथं असलं नाय खात," वहिनी सांगत होत्या. "मी बोलले, फुकट हाय ना? मंग कोन काय खातंय त्याला काय!"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, ह्यांनीबी भाकरी घेतली. तो पास्ता कच्चा होता."

हसताना वहिनींचं सगळं अंग हलायचं. म्हणूनच पुढची गोष्ट मला नीट आठवते, कारण त्यात त्या हसल्या नव्हत्या. मी मसाला घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. हरीभाऊ झोपाळ्यावर बसलेले. वहिनी मसाल्याची पुडी बांधता बांधता म्हणाल्या, "ह्याच कार्डावर माझ्या नावाचं एक काढून द्या की. ॲड-ऑन की काय बोलतात ते. मिरची घ्यायला वाशीला जाते तर एवढी रोकड कमरेला लावून जावं लागतं. पॉइंटबी पडतील."

"नको," हरीभाऊ म्हणाले. झोपाळाही थांबला नाही. "उघाडी एकाच्याच हातात असावी. दोघांच्या हातात दिली की पानी कुनी घेतलं ते कळत नाय."

"मी काय पानी चोरतेय?"

"तसं नाय गं. नियम तो नियम."

पुडीची गाठ वहिनींनी इतकी आवळली की दोरा तुटला. मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि माझं बिल कुठल्या तारखेला येतं, मी ते कसं भरते, असं बारीकसारीक विचारत राहिल्या. मला वाटलं, नवऱ्यावरचा राग माझ्यापाशी काढतायत. राग यावा असंच होतं ते. मलाच आला होता.

हरीभाऊंची एकुलती एक मुलगी सुप्रिया. जावई आमच्या उरणच्याच तेल-वायू प्रकल्पातला, पण त्याची बदली झाली ती एकदम आसामात, शिवसागरला. लग्नानंतर दोन वर्षांनी सुप्रियाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची बंदी केली. तेव्हा ठरलं, की मुलगी माहेरी येत नाही तर माहेरच मुलीकडे जाईल. शिवसागरला जायचं म्हणजे मुंबईहून कोलकाता, तिथे विमान बदलून दिब्रुगड आणि पुढे मोटार. हरीभाऊंनी पॉइंट मोजले. एका तिकिटाचे होते. दुसऱ्याला थोडे कमी पडत होते.

"एकाचं काढून ठेवा ना," मी म्हटलं.

"हिला एकटीला कशी धाडू? कोलकात्याला विमान बदलायचं हाय. दोगांचं एकदम काढू. तारीख लांब हाय अजून."

आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या पुतण्याची, निलेशची हळद आली.

ज्यांनी आमच्या इकडची आगरी हळद पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. आत धवलारीण जुनी गाणी गात नवऱ्याला हळद लावत असते आणि बाहेर डीजेने पत्रे हादरत असतात. सगळा गाव जेवतो, शेजारचा गाव जेवतो. त्याआधी भाऊबंदांची बैठक बसते. एकेक भाऊ उठतो आणि एकेक गोष्ट सगळ्यांसमोर अंगावर घेतो. कुणी मांडव, कुणी मटण, कुणी बँड. त्या बैठकीत 'नाही' म्हणण्याची सोय नसते. म्हटलंत तर तुमच्या घरच्या कार्याला कुणी पाट मांडायला येत नाही.

हरीभाऊंचे थोरले भाऊ काशिनाथदादा म्हणाले, "हरी, तू काय घेतस अंगावर?"

हरीभाऊ उत्तर देणार, तेवढ्यात निलेश म्हणाला, "काकांनी पैसे द्यायला नकोत. माझ्या नावाचं फक्त एक कार्ड काढून द्यावं, आपल्या खात्यावर. खर्च मी करीन, बिल यायच्या आधी आहेराचे पैसे काकांच्या खात्यात. काकांना फुकटचे पॉइंट!"

लोक हसले. चांगली सोय आहे म्हणाले. हे मला हरीभाऊंनीच नंतर सांगितलं आणि सांगताना स्वतःला सोडलं नाही. "बाय, भावापुढं 'नाय' बोलवलं नाय, हे तर हायच. पन खरं सांगू? माझ्या मनात दुसरं तिकीट आलं. ह्या हळदीत पॉइंट पुरे होतील, असं आलं मनात."

कार्ड निलेशच्या हातात पडलं ते हळदीच्या चार दिवस आधी. वहिनींनी ते पाहिलं. हरीभाऊ सांगत होते, त्या दिवशी घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनींनी फक्त विचारलं, "निलेशच्या नावाचं निघालं का? बरं झालं." आणि मिरची निवडायला बसल्या.

मग हळद झाली. डीजे एक ठरला होता, दोन आले. लग्नातल्या मानापानाला साड्या आणि अंगठ्या आयत्या वेळी वाढल्या. निलेश वाईट मुलगा नव्हता, पण हळदीत नवरदेवाला कुणी थांबवत नाही आणि त्याच्या खिशात तर काकांचं कार्ड होतं. हरीभाऊंच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज येत होते आणि डीजेच्या दणक्यात त्यांना ते ऐकू येत नव्हते. ऐकू आले असते तरी मांडवातून उठून नवऱ्यामुलाचा हात कोण धरणार?

बिल आलं त्या दिवशी मी समोरच बसले होते. चष्मा कपाळावर गेला. पण ते पुटपुटले नाहीत. नुसते बघत राहिले. कार्डाची मर्यादा जवळजवळ संपली होती. आहेराचे पैसे आयत्या वेळी वाढलेल्या मांडवापायी आणि मटणापायी रोखीत गेले होते. निलेश म्हणत होता, देतो. मग म्हणायला लागला, थोडी कळ काढा. मग फोन उचलेनासा झाला.

ती मुदत संपेपर्यंतचे दिवस ऑफिसात कसे गेले ते मी विसरलेले नाही. हरीभाऊ डबा उघडायचे आणि मिटायचे. एका कंटेनरच्या कागदांवर त्यांनी चुकीचा नंबर घातला, जे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी खात्यात होतं नव्हतं ते सगळं बिलात ओतलं. तरी खड्डा राहिलाच. मिनिमम भरलं असतं तर हातात पैसे राहिले असते. पण ते त्यांच्याने होईना. बीळ बुजवायला म्हणून त्यांनी सगळी माती टाकली आणि हात रिकामे करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पॉइंट उघडले. सगळे जागच्या जागी दिसत होते, फक्त खाली बँकेची ओळ होती, की थकबाकी असल्यामुळे पॉइंट वापरता येणार नाहीत.

"असूं दे," ते म्हणाले. "पगार झाला की उरलेलं भरू. सुप्रियाची तारीख लांब हाय."

जेवायच्या आत जावयाचा फोन आला. सुप्रियाचा रक्तदाब एकदम चढला होता, पायांना सूज होती. तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणत होते, वाट बघता येणार नाही, उद्या नाहीतर परवा ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल. पोरगी सारखी एकच म्हणत होती, आईला पाठवा.

हरीभाऊ फोन ठेवून उभे राहिले. त्यांनी मोबाईलवर तिकिटाचे भाव काढले. ऐनवेळचे भाव ते, पाहून त्यांनी मोबाईल खिशात टाकला. पॉइंट होते पण हात लावता येत नव्हता. कार्ड होतं पण त्यात काही उरलं नव्हतं. खातं त्यांनी आदल्या दिवशीच धुऊन पुसून बिलात घातलं होतं. मग ते हळूहळू माझ्या टेबलापाशी आले. मी पर्समधून माझं कार्ड काढून केव्हाच टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तो हात बघून मला रडू फुटलं. राग कुणाचा करावा तेच कळेना. निलेशचा, त्या बैठकीचा, की या नियमवाल्या माणसाचा?

"बाय, हिचं एकटीचं तिकीट तुझ्या कार्डावर..." ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वहिनींचा होता. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर घेतला.

"ऐकता काय? तिकीट झालं. उद्या सकाळचं हाय. एकाचंच."

"कुनाचं? कसलं तिकीट?"

"माझं. विमानाचं. माझे पॉइंट होते, ते लावले. सुप्रिया फोनवर सांगत गेली, मी दाबत गेले. मसाला वरच्या पिशवीत चालत नाय ना हो? खालच्या बॅगेत घालू ना?"

हरीभाऊ फोनकडे बघत राहिले. "तुझे पॉइंट?"

"मसाल्याच्या पैशांची ठेव ठेवली होती बँकेत. त्या ठेवीवर कार्ड देतात. मिरची, हळद, धने, पॅकिंगच्या पिशव्या, सगळं त्याच्यावर घेते. बिल पुरतं भरते." वहिनींचा आवाज घाईचा होता, त्यात दिमाख नव्हता. "मसाल्याचं सांगा आधी. बॅग भरायचीय."

"खालच्या बॅगेत," हरीभाऊ म्हणाले. "वर नाय चालत."

माझं कार्ड टेबलावर तसंच पडून होतं. त्यांनी ते एका बोटाने माझ्याकडे सरकवलं आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या दोघांना माझ्या गाडीतून समुद्रावरच्या नव्या पुलावरून मुंबईच्या विमानतळावर नेलं. सबंध वाटेत हरीभाऊ सूचना देत होते. कोलकात्याला उतरल्यावर बाहेर जायचं नाही, पाटी बघत जायचं, कुणालाही विचारायचं पण पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत 'व्हय, व्हय' करत होत्या. मांडीवरच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "पोर नीट असंल ना हो?" तेव्हा हरीभाऊंच्या सूचना थांबल्या.

दाराशी शिपायाने वहिनींना आत सोडलं आणि आम्ही दोघे काचेबाहेर उरलो. हरीभाऊ काचेला लागून सरकत राहिले. मोबाईल ट्रेमध्ये काढून ठेव, पाटल्या दाखव, असं हातवारे करून सांगत होते. वहिनींनी एकदा वळून पाहिलं, हाताने 'कळलं' म्हटलं आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

"चला भाऊ," मी म्हटलं.

"विमान बदलू दे. मंग जाऊ."

मी ऑफिसात फोन करून रजा टाकली. आम्ही बाहेरच्या कठड्यावर बसून राहिलो. उन्हं चढली. कोलकात्याचं विमान उतरल्याचं मोबाईलवर दिसलं, पण वहिनींचा फोन लागेना. पुन्हा लावला, बंद. जावयाचा लावला, तो उचलेना. हरीभाऊ उठले, फेऱ्या मारायला लागले. दुसरं विमान सुटायची वेळ जवळ येत होती. "तिला इंग्रजी पाटी वाचायला येळ लागतो," ते म्हणाले. "मी शिकवायला पायजे होतं. मी सगळीकडं पुढं पुढं चालायचो आन् ती मागनं यायची. मना कधी सुचलंच नाय!" हे त्यांनी जवळजवळ ओरडून सांगितलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

मग फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. बोलणं थोडंच झालं. ठेवून ते पुन्हा कठड्यावर बसले.

"दुसऱ्या विमानात बसली. फोन चालू करायला विसरली होती. आन् मी इथं..." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पोरीला ऑपरेशनला दुपारनंतर नेनार हायेत म्हने. ही पोचंल तोवर."

"आणखी काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, कार्ड कवा घेतलंस. बोलली, तुम्ही 'नाय' बोललात त्याच आठवड्यात." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तो पुन्हा डोळ्यांवर घालवेना. "मी तिला 'नाय' बोललो, बाय. आन् निलेशला 'व्हय' बोललो."

मी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

वहिनी वेळेत पोचल्या. सुप्रियाला आत न्यायच्या आधी मायलेकींची भेट झाली. मुलगी झाली, इवलीशी, पण ठणठणीत. सुप्रियाचा रक्तदाब उतरायला आठवडा गेला. आई नसती तर त्या आठवड्यात आपण वेडी झालो असतो, असं तिने मला पुढे स्वतः सांगितलं. इकडे हरीभाऊंनी पगार झाल्याबरोबर दंड-व्याजासकट बिल भरलं आणि निलेशच्या नावाचं कार्ड ऑफिसच्या कात्रीने कापलं. निलेशने पैसे परत केले ते थोडेथोडे करून, दुसऱ्याच्या हाती पाठवून. त्यानंतर हरीभाऊंनी कुणाला कार्डाचे नियम सांगितलेले मी ऐकले नाहीत. नव्या माणसाला संशय आला तर येऊ द्यायचे.

महिनाभराने ते नातीला बघायला निघाले. वयाची मर्यादा झालीच होती. तिकडून येतील ते निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायलाच, असं शेठना सांगून निघाले. विमानतळावर सोडायला पुन्हा मीच. त्याच दाराशी त्यांनी खिशातून एक नवंकोरं कार्ड काढलं आणि, हरीभाऊंनी, माझ्या हातात ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. हरिश्चंद्र म्हात्रे. "तुमचंच तर आहे."

"नाव माझं हाय, खातं हिचं हाय. तिच्या कार्डावर माझं ॲड-ऑन. मी काय बी घेतलं की तिच्या मोबाईलवर वाजतंय." ते कितीतरी दिवसांनी हसले. "काल चप्पल घेतली तर आसामातनं फोन. बोलली, जुनी काय वाईट होती?"

मी हसले, त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सुक्या जवळ्याची पिशवी उचलली, शिपायाला तिकीट दाखवलं आणि आत गेले. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, कार्ड माझ्याच हातात आहे.

मी काच वाजवली. ते वळले. कार्ड वर धरलेलं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला, पण धावत मात्र आले नाहीत. शिपायाकडे बोट केलं. मी ते शिपायाच्या हातात दिलं, शिपायाने आतल्या दुसऱ्याला दिलं आणि त्याने हरीभाऊंना. त्यांनी ते खिशात ठेवलं, मला हात केला आणि तिथंच उभं राहून मोबाईल कानाला लावला. मान खाली, एक हात खिशावर. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते, पण ते कुणाला आणि काय कबूल करतायत ते मला दिसत होतं.